मे महिन्याची काठी : खान्देशात मत्स्यशेती सुरू करताना

पहिल्या वर्षी मी दहा गुंठ्यांच्या शेततळ्यात तीन हजारांवर बीज सोडलं. होळीला जाळं टाकलं तेव्हा एकवीस मासे निघाले. मोजताना हातापायाची बोटं संपली आणि एक मासा उरला. बायकोने तोच कालवणाला घेतला, आणि गावात आठवडाभर मला कोणी काही विचारलं नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ असा, की सगळ्यांना कळलेलं असतं.

पांझरेच्या खोऱ्यात, साक्री तालुक्यात माझं शेत आहे. पुढच्या काही वर्षांत शेततळं जमलं, मग गटाने मिळून एक पाझर तलावही घेतला. त्यात ज्या चुका केल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. मत्स्यशेतीची बहुतेक माहितीपत्रकं बारमाही पाणी गृहीत धरून लिहिलेली असतात. आपलं पाणी बारमाही नाही. खान्देशात सगळा हिशोब उन्हाळ्यापासून मागे मोजायचा.

1. आधी काठी रोवा

एक उभा बांबू घ्या. त्यावर रंगाने फूट आणि अर्ध्या फुटाच्या खुणा करा आणि तळ्यात सगळ्यात खोल जागी रोवा. प्लास्टिक अंथरलेलं तळं असेल तर बांबू रोवू नका. वाळूने भरलेल्या डब्यात उभा करून तळाशी ठेवा, नाहीतर प्लास्टिकचा कागद फाटेल. दर पंधरा दिवसांनी पाणी कुठे आहे ते वहीत लिहा. सगळ्यात महत्त्वाची नोंद 15 मेची.

ती महत्त्वाची का, ते सांगतो. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात. दहा गुंठ्यांचं तळं ऑगस्टमध्ये दहा गुंठ्यांचं दिसतं. केळी, पपई किंवा उन्हाळी कांद्याला ठिबक चालू झालं की मेमध्ये त्याचं चार गुंठे उरतं. मासे मात्र तेवढेच, शिवाय वजनाने वाढलेले. पाणी तापलेलं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासे तिथेच मरतात.

हिशोब सोपा आहे. एका हेक्टर पाण्यात साधारण 5,000 ते 10,000 बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, सोडायला सांगतात. हवा खेळवणारं यंत्र नसेल तर नवख्या माणसाने 5,000 च धरावं, म्हणजे गुंठ्याला 50. आता गुंठे मेचे मोजा. चार गुंठे उरत असतील तर 200 बोटुकली. ऐकायला फार थोडी वाटतात. मला दुकानदार हसला होता. पण 200 सोडून 160 धरणं आणि तीन हजार सोडून एकवीस धरणं, यात कोण हसण्यासारखं आहे ते तुम्हीच ठरवा.

काठीवर मेमध्ये चार फुटांपेक्षा कमी पाणी दिसत असेल तर वर्षभराचा मासा ठेवूच नका. तुमचं तळं हंगामी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी बोटुकली सोडायची आणि फेब्रुवारीपर्यंत धरून मोकळं व्हायचं. त्यासाठी खुंटवलेली बोटुकली मिळते का ते विचारा. दाट ठेवून, कमी खाऊ घालून वर्षभर लहान ठेवलेला हा मासा मोकळं पाणी आणि खाद्य मिळालं की झपाट्याने वाढतो.

2. पाणी कोणाचं आहे ते बघा, मग कागद जमवा

स्वतःच्या शेतातलं शेततळं असेल तर परवानगीचा फारसा प्रश्न येत नाही. बाकी सगळीकडे पहिला प्रश्न हाच: हे पाणी कोणाच्या ताब्यात? गावतळं ग्रामपंचायतीचं, काही तलाव जिल्हा परिषदेचे, काही जलसंधारण विभागाचे, धरणं जलसंपदा विभागाची. मासेमारीचा ठेका मात्र बऱ्याच तलावांचा मत्स्यव्यवसाय विभाग देतो आणि तो नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो. एकट्याने अर्ज घेऊन गेलात तर हेलपाटाच होईल. आधी त्या तलावावर कोणाची संस्था आहे, ठेका कधी संपतो, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. जुन्या भोई किंवा कोळी कुटुंबांचं पोट त्या पाण्यावर असेल तर त्यांना सोबत घ्या. त्यांना वगळून केलेला गट दुसऱ्या वर्षी भांडणात बुडतो. शिवाय जाळं त्यांनाच टाकता येतं, आपण नुसते काठावरून सूचना देतो.

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके, तसंच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 च्या पेसा कायद्यानुसार (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीच्या हाती आहे. वनहक्क कायदा (2006) गावाला जंगलातल्या पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही देतो. तिथे कार्यालयाच्या आधी ग्रामसभेत जा.

अनुदानाचं थोडक्यात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 मध्ये सुरू झाली. ठरलेल्या प्रकल्प खर्चाच्या 40 टक्के सर्वसाधारण गटाला, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान मिळतं. हे टक्के योजनेत ठरवून दिलेल्या खर्चावर मिळतात, तुम्ही खरोखर केलेल्या खर्चावर नाहीत. आणि पैसे बहुधा काम झाल्यावर येतात. अनुदान हातात पडेल तेव्हा पडेल असं धरूनच उतरा. माझ्या ओळखीच्या एकाने अनुदानाच्या भरवशावर सावकाराकडून पैसे उचलले. व्याजातच अनुदान गेलं. मच्छीमारांना आणि मत्स्यशेतकऱ्यांना किसान क्रेडिट कार्ड मिळतं, ते आधी बघा. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे. वीजदर आणि कर्जासाठी बँकेत, वीज कार्यालयात जाताना त्याचा शासन निर्णय सोबत न्या. समोरच्याला तो माहीत असेलच असं नाही.

फाइलमध्ये हे ठेवा:

- सातबारा आणि आठ-अ (तीन महिन्यांच्या आतले)
- सामाईक खातं असेल तर इतर खातेदारांचं संमतिपत्र. भाऊबंदकीत फाइल अडते ती इथेच
- आधार, बँक पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो
- जातीचा दाखला, लागू असेल तर
- तळ्याचा नकाशा आणि तळ्याचे फोटो
- खर्चाचं अंदाजपत्रक, दुकानदारांची दरपत्रकं
- प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. कृषी विज्ञान केंद्रात किंवा मत्स्यव्यवसाय विभागात चौकशी करा
- गट असेल तर नोंदणीचा कागद आणि ठरावाची प्रत

प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स आणि दिलेल्या अर्जाची पोच. पोच मागायला लाजू नका.

3. पाणी पिकू द्या

माझी तीन हजार पोरं मेली, कारण मी त्यांना कोऱ्या पाण्यात सोडलं होतं. विहिरीचं नितळ पाणी, तळ दिसतोय, मला वाटलं काय सुंदर! माशाच्या पिलाला त्यात खायला काहीच नव्हतं. आमच्या शेजारच्या एका भोई आप्पांनी नंतर सांगितलं, "भाऊ, बीज टाकानी घाई करू नको, पह्यले पानी पिकू दे."

पाणी पिकलं म्हणजे हिरवट झालं, त्यात डोळ्याला न दिसणारे शेवाळ आणि किडे तयार झाले. तपासायला कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवा. कोपर बुडतंय तेवढ्यातच तळहात दिसेनासा झाला तर पाणी तयार. कोपर बुडूनही बोटं स्पष्ट दिसत असतील तर अजून कच्चं. मनगट बुडताच हात गायब होत असेल तर जास्त झालं. शेण थांबवा आणि थोडं ताजं पाणी सोडा.

मातीचं तळं असेल तर उन्हाळ्यात कोरडं होऊ द्या, तळाला भेगा पडू द्या, वरचा काळा गाळ काढा. तो शेतात सोन्यासारखा आहे. मग चुना. पुस्तकात हेक्टरी 200 ते 500 किलो लिहिलेलं असतं, पण आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे आधीच भरपूर असतात. पाण्याचा सामू (पीएच) आधी मोजा; पट्टी औषधाच्या किंवा शेती साहित्याच्या दुकानात मिळते. 7.5 ते 8.5 असेल तर चुन्याचा हात आखडता घ्या. शेणखत दहा गुंठ्यांना सुरुवातीला 200 किलोच्या आसपास. कागदाच्या तळ्यात शेण मोकळं टाकू नका, गोणपाटात भरून कडेला लटकवा. नाहीतर तेच शेण ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकतं आणि मग बागवान भाऊ तुमच्या आणि माशांच्या नावाने खडे फोडतो.

तळं पूर्ण आटत नसेल तर त्यात मरळ, शिंगाळा, चिलापी आधीच असतात. मरळ एका रात्रीत तुमची किती बोटुकली गिळेल याचा अंदाज करवत नाही. यावर आपल्या सातपुड्याचाच उपाय आहे, मोहाची पेंड. मीटरभर खोल दहा गुंठे पाण्याला साधारण 250 किलो पेंड भिजवून पसरली की नको असलेले मासे मरतात, आणि पंधरा-वीस दिवसांनी तीच पेंड खत होते. तेवढे दिवस गुरं तळ्यावर नेऊ नका. आणि ही पेंड फक्त आपल्या बंद तळ्यात. नाल्याला किंवा नदीला पाणी जात असेल तर अजिबात नाही. पाण्यात विष कालवून मासे मारणं 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

4. बीज घेताना डोळे उघडे ठेवा

कटला, रोहू, मृगळ हे तीन मासे तळ्यात अंडी देत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. 10 जुलै मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळे. म्हणजे बीज दरवर्षी विकत घ्यावंच लागतं, आणि जिथे विकत घेणं आलं तिथे फसवणूकही आली.

नावं नीट पाठ करा. जिरे म्हणजे नुकतं जन्मलेलं, सहा-आठ मिलिमीटरचं. बीज म्हणजे इंचभर. बोटुकली म्हणजे बोटाएवढी, तीन-चार इंच. नवख्याने फक्त बोटुकली घ्यावी. जिरे स्वस्त दिसतं, पण ते वाढवणं हा वेगळा धंदा आहे. मला जीपमधून बीज विकणाऱ्या एका फिरत्या माणसाने 'बोटुकली' म्हणून जे दिलं, ते माझ्या नखाएवढं होतं. मी मोजलंही नाही. तुम्ही एक पिशवी तिथेच टबमध्ये ओतून मोजा, चाळणीत घेऊन जात ओळखा. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. मृगळ सडपातळ, तोंड खाली.

प्रमाण साधारण कटला 40, रोहू 30, मृगळ 30 टक्के. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं. कागदाच्या तळ्यात तळाशी चिखलच नसतो, म्हणून तिथे मी मृगळ निम्म्याने कमी करतो आणि रोहू वाढवतो.

सोडायची वेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. प्राणवायू भरलेल्या पिशव्या न उघडता पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, आणि पिशवी आडवी करा. मासा आपणहून बाहेर जाईल. मी भर दुपारी बादलीने ओतलं होतं.

थाई मांगूर कोणी कितीही स्वस्त देऊ केला तरी घेऊ नका. त्यावर बंदी आहे. तो सगळं खातो आणि पुराबरोबर निसटला तर नदीतले आपले मासे संपवतो. पांझरेत सुटलेला मासा मुडावदला तापीत जातो, हे लक्षात ठेवा.

5. रोजचं काम

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा निम्मा. कोंडा नवापूरकडे मिळतो. आपल्याकडे घरोघरी सरकी पेंड असते, पण तिच्यात माशाला न मानवणारा अंश असतो; थोडी मिसळली तर चालेल, तिच्यावर भिस्त नको. खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के. 200 मासे पाव-पाव किलोचे झाले की 50 किलो मासा, म्हणजे रोज किलो ते दीड किलो. खताच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्या स्वच्छ धुऊन, खाली बारीक भोकं पाडून, खाद्य भरून बांबूला बांधा. मासे टोचे मारून खातात. दोन तासांनी पिशवीत उरलं तर उद्या कमी करा.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा मासा फारसा खात नाही. खाद्य अर्ध्यावर आणा, टाकायचंच असेल तर उन्हं वर आल्यावर.

हत्यारं फार लागत नाहीत: बारीक जाळीचं फडकं, चाळणी, वजनकाटा, सामूच्या पट्ट्या, लहान ओढजाळं, आणि पाणी परत तळ्यातच फवारता येईल असा पंप. महिन्यातून एकदा दहा-पंधरा मासे धरून वजन करा. वाढ थांबली असेल तर जास्त खाद्य टाकण्याआधी संख्या जास्त आहे का ते बघा.

6. घात होतो तो पहाटे

दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच तो खातं. म्हणून प्राणवायू सगळ्यात कमी पहाटे असतो. श्रावणात तीन-चार दिवस ऊन पडलं नाही की धोका दुप्पट. सूर्योदयाआधी तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तुमच्याकडे तासा-दोन तासांचा वेळ आहे. पंप लावा, पाणी उंचावरून पावसासारखं तळ्यातच पडू द्या. शेण आणि खाद्य दोन-तीन दिवस बंद. आप्पांचं म्हणणं, "मासा मराना पह्यले सांगस, ऐकनारा पाहिजे."

दुसरा घात फवारणीचा. आपल्याकडे चहूबाजूंनी कपाशी. पहिल्या जोरदार पावसात शेतातलं कीटकनाशक वाहून तळ्यात येतं आणि काही औषधं माशांना फार थोड्या प्रमाणातही मारतात. तळ्याभोवती फूटभर उंच बांध घाला, शेताचं पाणी वळवा. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका, गड्यालाही बजावून सांगा. माझ्या शेजाऱ्याने धुतला. तो तरी काय करणार, कोणी सांगितलंच नव्हतं.

7. सामाईक तलाव असेल तर फड आठवा

पांझरा-मोसमच्या काठाला फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा सगळ्यांचा, पाण्याची पाळी ठरलेली, पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी फड, म्हणजे शेतांचे पट्टेही, कमी भिजवायचे. आमच्या गटाने पाझर तलावाचे नियम ठरवताना नेमकं तेच घेतलं. एक जागल्या ठरवला, त्याला धरलेल्या मासळीत वाटा. बीज किती टाकायचं ते काठी ठरवणार. बोटुकली सोडल्यापासून ठरलेल्या महिन्यापर्यंत जाळं बंद, अध्यक्षाच्या पाहुण्यालाही. (हा नियम अध्यक्षाच्या मेव्हण्यामुळेच झाला.) जाळ्याचा डोळा मोठा ठेवायचा, लहान मासा आपोआप निसटतो. आणि सगळ्यात वादाचा मुद्दा: शेतीला पाणी कुठपर्यंत उपसायचं. काठीवर लाल खूण केली. पाणी खुणेला आलं की मोटारी बंद किंवा मासे बाहेर, दोन्हीपैकी काय ते जानेवारीच्या बैठकीतच ठरवायचं. मेमध्ये बैठक घेतली तर मारामारी होते.

बांधाच्या सांडव्यावर जाळी बसवा, पण पावसाळ्यात रोज साफ करा. काडीकचऱ्याने तुंबली तर पाणी बांधावरून जाईल, आणि मग मासे काय, तलावच जाईल.

8. नदीला तिचं बीज ठेवा

पहिल्या पुरात मासे प्रवाहाच्या उलट चढतात. हे चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन येतात आणि कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकतात. तिथे हाताने धरता येतात, म्हणून सगळं गाव जातं. मीही लहानपणी गेलोय, मजा येते. पण तिथली एक पाटी भरून मासळी म्हणजे पुढच्या वर्षाची नदी. निदान जुलै-ऑगस्टमध्ये बंधाऱ्याखाली जाळं लावू नका.

एप्रिलनंतर आपल्या नद्या फक्त डोहांत उरतात. शिंगाळा, मरळ, वाम, सगळं त्या दोन-चार डोहांत गोळा होतं. पंप लावून डोह उपसून मासे धरणाऱ्याला वाटतं खूप मिळालं. खरंच मिळतं, एकदाच. आमच्या गावाने एक डोह राखीव ठेवला आहे. सुरुंग, विष आणि विजेचा झटका देणारे रात्री येतात. अशा वेळी एकट्याने अडवायला जाऊ नका, पोलीस पाटलाला कळवा.

9. विकताना

श्रावण ते नवरात्र आपल्याकडे बहुतेक घरांत मासळी बंद, मार्गशीर्षातही गिऱ्हाईक घटतं. दसऱ्यानंतर मार्गशीर्ष लागेपर्यंत आणि मग संक्रांतीपासून होळीपर्यंत, हे दोन हंगाम धरा. बाजारात आंध्रचा बर्फातला मासा स्वस्तच असणार, त्याच्याशी भावात भांडू नका. तुमच्याकडे जिवंत मासा आहे. तळ्यावरच विका, आदल्या दिवशी गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका, आणि एकदम सगळं धरू नका. मोठे आधी काढा, लहानांना जागा मिळते आणि ते वाढतात. उधारी मात्र लिहून ठेवा. मासा खाल्लेला माणूस लवकर विसरतो.

माझ्या वहीतली या वर्षीची नोंद: 15 मे, काठीवर पाच फूट दोन इंच, पाणी साडेचार गुंठे. बोटुकली 220.